नाट्यवाचनाच्या गटात सामील होताना: संहितेची तयारी, वाचनाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जण एकत्र बसतो आणि एक जुनं मराठी नाटक मोठ्याने वाचतो. रंगमंच नाही, वेशभूषा नाही, समोर प्रेक्षक नाही. दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं. मनापासून तयारी करून येतं, आणि तरी पहिल्याच बैठकीत हिरमुसून परत जातं. चूक बहुतेकांची एकच असते. ते भूमिकेची तयारी करतात, संहितेची करत नाहीत. घरी आरशासमोर स्वगत म्हणून पाहिलेलं असतं, पण हातातली प्रत धूसर असते, समोरच्याचं वाक्य कधी संपलं ते कळत नाही आणि दुसऱ्या पानावरच गाडी अडते.

म्हणून हा लेख. पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

## १. गट कसला आहे, ते आधी विचारा

‘अभिवाचन’ आणि बैठकीतलं वाचन यांत मोठा फरक आहे. अभिवाचनाला तालमी असतात, पात्रयोजना पक्की असते, श्रोते येतात, कधी पार्श्वसंगीतही असतं. बैठकीतल्या वाचनात बहुधा भूमिका तिथेच वाटल्या जातात आणि श्रोते म्हणजे आपणच. अभिवाचनाच्या अपेक्षेने बैठकीत आलेला माणूस निराश होतो. बैठकीची सवय असलेला तालमीत वैतागतो. जाण्याआधी गट चालवणाऱ्याला फोन करून एवढं विचारून घ्या:

- या वेळी कोणतं नाटक आहे, आणि गट कोणत्या प्रकाशनाची, कोणती आवृत्ती वापरतो?
- भूमिका आधी ठरतात की आल्यावर?
- नाटक एका बैठकीत संपवता की अंकाअंकाने वाचता?
- संगीत नाटक असेल तर पदं गाता, वाचता की गाळता?
- नवीन माणसाने पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तर चालतं का?

वेळेचा हिशेब स्वतः करा. नेहमीच्या आकाराचं छापील पान वाचायला साधारण पावणेदोन ते दोन मिनिटं लागतात. शंभर पानांचं तीन अंकी नाटक म्हणजे चहा धरून साडेतीन तास. ‘एकच प्याला’सारखं पाच अंकी नाटक एका दुपारी उरकायचं म्हटलं तर शेवटचा अंक घाईत जातो आणि नायिका सिंधूच्या शेवटाला कोणाच्या घशात आवाज उरत नाही. आम्ही ते नेहमी दोन बैठकांत वाचतो.

तपासा: नाटकाचं नाव, आवृत्ती, वेळ आणि बसण्याची जागा या चार गोष्टी लिहून घेतल्या का? घेतल्या नसतील तर पुन्हा फोन करा. त्यात कमीपणा नाही.

## २. प्रत मिळवा, आणि तीच प्रत मिळवा

जुन्या नाटकांच्या अनेक आवृत्त्या फिरतात. कुठे पदं सगळी आहेत, कुठे प्रयोगासाठी कापलेली संहिता छापली आहे, कुठे नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेशच नाही. दोघांच्या हातात दोन आवृत्त्या असल्या की एक जण बोलतो आणि दुसरा पान शोधत बसतो. शक्य असेल तर गटाचीच आवृत्ती घ्या. ते जमत नसेल तर दोन्ही प्रती आदल्या दिवशी शेजारी ठेवून प्रत्येक प्रवेशाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य जुळवून पाहा. वाचताना पान क्रमांक सांगू नका, ‘दुसरा अंक, तिसरा प्रवेश’ असं सांगा. ते कोणत्याही प्रतीत सापडतं.

फोनवर वाचणं टाळा. स्कॅन केलेलं पान मोठं करावं लागतं, मग ओळ पडद्याबाहेर जाते, आणि पुढचं वाक्य कोणाचं आहे ते दिसतच नाही. टॅब्लेट चालेल. कागद सगळ्यांत बरा.

नकला काढण्याआधी लेखकाचं मृत्यूवर्ष पाहा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. ‘शारदा’चे देवल १९१६ मध्ये गेले, ‘एकच प्याला’चे गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. त्यांच्या नाटकांच्या प्रती मोकळेपणाने काढता येतात. ‘नटसम्राट’चे शिरवाडकर (१९९९), पु. ल. देशपांडे (२०००), ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे तेंडुलकर (२००८) यांच्या नाटकांचं तसं नाही. त्यांची पुस्तकं विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण वाचन रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकण्यापर्यंत ती ताणू नका.

सावधान: ‘तिथे कोणाच्या तरी प्रतीत डोकावेन’ असं मनात धरून जाऊ नका. एका प्रतीवर दोघं वाचायला लागले की दोघांचेही क्यू, म्हणजे आपलं वाक्य कधी सुरू करायचं हे सांगणारे आधीच्याचे शेवटचे शब्द, चुकतात.

## ३. जुनी छपाई वाचायला शिका

ही पायरी गाळू नका. मी स्वतः पहिल्या बैठकीत एक अख्खा अंक ‘सांगितलें नाहीं’ हे नाकातून, जसं छापलंय तसं वाचलं होतं. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी चहाच्या वेळी बाजूला घेऊन शांतपणे समजावलं नसतं, तर पुढेही तसंच वाचत राहिले असते.

जुन्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार असतात. १९६२च्या लेखननियमांनंतर ते छपाईतून गेले, पण जुन्या आवृत्त्यांत आणि त्यांच्या पुनर्मुद्रणांत ते जागोजागी दिसतात. ते व्याकरणाचे अनुस्वार आहेत, उच्चाराचे नव्हेत. ‘मी तुला सांगितलें नाहीं’ छापलेलं असेल तर ‘मी तुला सांगितलं नाही’ वाचा. ‘आम्हीं’ म्हणजे ‘आम्ही’. ‘घरांत’ जरा फसवं आहे. जुन्या लेखनात एका घराबद्दलही ‘घरांत’ असंच लिहीत, ते ‘घरात’ वाचायचं. अनेक घरांबद्दल असेल तर मात्र अनुस्वार उच्चारायचा. कोणतं ते संदर्भावरून घरीच ठरवा आणि पेन्सिलीने खूण करा.

पदांचा नियम वेगळा. ‘शारदा’तलं ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ घ्या. इथे बोलीतल्यासारखं ‘अवघं’ म्हणायचं नाही. ‘अवघे’ असंच स्वच्छ म्हणा, नाहीतर चाल मोडते. गद्यात ‘केलं’, पदात ‘केले’, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

दुसरी अडचण च आणि ज यांची. इंग्रजी माध्यमात किंवा परदेशात वाढलेल्या मुलांना ही हमखास येते. ‘चरण’ म्हणजे पाऊल, तिथे च तालव्य, ‘चंद्र’मधल्यासारखा. गुरांचं ‘चरणं’, तिथे च दंततालव्य, ‘चमचा’च्या पहिल्या अक्षरासारखा. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ वेगळा आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ वेगळा. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाचं लग्न ठरवणाऱ्या ‘शारदा’सारख्या नाटकात हा फरक चुकला तर वाक्याचा अर्थच जातो. शंका येईल तो शब्द घरातल्या मोठ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. शब्दकोशात अर्थ मिळतो, उच्चार कानानेच घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट नावांची. काही जुन्या प्रतींत बोलणाऱ्याचं नाव पूर्ण छापत नाहीत. पहिली एक-दोन अक्षरं आणि पुढे ‘०’ असतं. ते शून्य म्हणजे संक्षेपाचं चिन्ह. ‘शारदा’त भुजंगनाथ आणि भद्रेश्वर दीक्षित हे दोघेही ‘भ’वाले, त्यामुळे घोटाळा ठरलेलाच. ‘एकच प्याला’त सुधाकर आणि सिंधू, शरद आणि शास्त्री. पहिल्या पानावरच्या पात्रांच्या यादीत प्रत्येक नावापुढे त्याचा संक्षेप लिहून ठेवा.

तपासा: कोणत्याही मधल्या पानावर बोट ठेवा आणि पाच वाक्यं अडखळल्याशिवाय मोठ्याने वाचा. अडखळलात तर पूर्ण नाटक एकदा तरी मोठ्याने वाचून काढा. मनातल्या मनात वाचून हे कळत नाही.

## ४. पेन्सिलीने खुणा

आमच्या गटातल्या आजींची प्रत मी एकदा जवळून पाहिली. प्रत्येक लांब वाक्यात त्यांनी श्वास घ्यायच्या जागी बारीक उभी रेघ मारली होती. हातात जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी होती. ती त्या वाचत असलेल्या ओळीखाली धरतात आणि ओळ संपली की खाली सरकवतात. डोळे वर करून समोरच्याकडे पाहिलं तरी त्यांची ओळ कधी हरवत नाही. तेव्हापासून आम्ही सगळेच पट्टी वापरतो.

गडकऱ्यांची वाक्यं लांब, जोडीजोडीने येणारी, कोट्यांनी भरलेली. मधेच श्वास संपला तर कोटी हवेत विरते. म्हणून खुणा कराच, पण मोजक्या:

- आपल्या पात्राच्या नावाभोवती चौकोन.
- आपल्या वाक्याच्या आधीच्या वाक्यातले शेवटचे तीन-चार शब्द अधोरेखित. हा तुमचा क्यू.
- लांब वाक्यात श्वासाची रेघ.
- पान उलटताना वाक्य तुटत असेल तर पुढच्या पानावरचे पहिले दोन शब्द खालच्या कोपऱ्यात.

भाव लिहू नका. ‘इथे रडायचं’, ‘इथे गर्जना’ असं लिहून आणलं की समोरच्याने वाक्य कसंही टाकलं तरी तुम्ही ठरल्याप्रमाणे रडता. समोरच्याने हळू आवाजात दिलेल्या वाक्याला गर्जनेने उत्तर मिळालं की बैठकीतला प्रत्येक जण दचकतो.

## ५. भूमिका मागताना

पहिल्या दिवशी मोठी भूमिका मागू नका. यात मानपानाचा प्रश्न नाही. मोठी भूमिका वाचणाऱ्याला गटाची लय माहीत असावी लागते. छोटी पण वारंवार येणारी भूमिका घ्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेची मुख्य भूमिका सोडून रोकडे किंवा सामंत घ्या. वाक्यं छोटी आहेत, पण सतत कान देऊन बसावं लागतं, आणि नवीन माणसाने शिकायचं तेच असतं. ‘नटसम्राट’मध्ये नोकर विठोबा चांगला.

वय आणि लिंग आड आणू नका. बालगंधर्वांनी सिंधू उभी केली त्याच मराठी रंगभूमीची नाटकं आपण वाचतो. आमच्याकडे ‘एकच प्याला’तला दारुडा तळीराम एक बाई वाचतात आणि त्यांच्या इतका जोरदार तळीराम दुसऱ्या कोणाला जमत नाही.

पात्रं जास्त आणि माणसं कमी असली की एकाला दोन भूमिका येतात. होकार देण्याआधी ती दोन पात्रं एकाच प्रवेशात एकमेकांशी बोलतात का, ते पाहा. ‘एकच प्याला’तल्या आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे दारुड्यांच्या टोळक्याच्या, प्रवेशात हे हमखास घडतं, कारण तिथे बोलणारे पुष्कळ आणि एकेकाचं वाक्य दोन-दोन ओळींचं. एकट्याने शास्त्री आणि खुदाबक्ष दोन्ही वाचायला घेतले तर ऐकणाऱ्याला कोण बोलतंय तेच कळत नाही.

सावधान: गाजलेल्या नटाची नक्कल करू नका. ‘नटसम्राट’ हातात घेतलं की त्यातली मुख्य भूमिका गाजवणाऱ्या डॉ. लागूंचा आवाज काढायचा मोह होतो. तसंच काकाजींचं. ‘तुझे आहे तुजपाशी’तल्या त्यांच्या इंदुरी वळणाच्या बोलण्यात हिंदी मिसळलेली आहे. लिहिलंय तेवढंच वाचा, वर आणखी हेल चढवू नका. पु. लं.नी तो हेल वाक्यातच घातला आहे.

## ६. प्रत्यक्ष बैठक

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. ज्यांच्याशी तुमच्या पात्राचं बोलणं जास्त आहे त्यांच्या समोर बसा, शेजारी नको. शेजारच्याशी बोलताना मान वळवावी लागते आणि आवाज भिंतीकडे जातो. कोमट पाणी जवळ ठेवा. चिवडा आणि शेंगदाणे चहाच्या वेळेपर्यंत लांब ठेवा. घशात अडकलेला एक कण पूर्ण प्रवेश खाऊन टाकतो.

मग क्रम असा:

१) रंगसूचना कोण वाचणार ते ठरवा. एकाच माणसाने वाचाव्यात. तोही सगळ्या वाचत नाही. जागा, वेळ, कोण आलं, कोण गेलं, आणि अर्थ बदलणारी कृती एवढंच. ‘(रागाने)’, ‘(हसून)’ हे मोठ्याने वाचायचं नसतं, ते पात्र वाचणाऱ्याने आवाजात आणायचं.

२) वाक्य उचला. समोरच्याचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच तुमचा पहिला शब्द यायला हवा. नवीन माणूस हमखास एक सेकंद थांबतो. दर वाक्याला एक सेकंद गेला तर तासाभरात प्रवेश निर्जीव होतो. उपाय सोपा आहे. आपली पुढची ओळ पाहत बसू नका, समोरच्याचं ऐका. क्यू आधीच अधोरेखित आहे, तो कानावर आला की तुमची ओळ आपोआप सापडते.

३) स्वगत आणि उघड वेगळं ऐकू येऊ द्या. रंगमंचावर नट तोंड फिरवतो, इथे ती सोय नाही. ‘(स्वगत)’ आलं की आवाज एक पायरी खाली घ्या आणि नजर कागदावर ठेवा. ‘(उघड)’ आलं की नजर वर. ‘जनांतिक’ म्हणजे एकाच पात्राला सांगितलेलं, बाकीच्यांना न ऐकू येणारं. ते त्या एका माणसाकडे पाहूनच वाचा.

४) चुकलात तर थांबू नका. ‘सॉरी, सॉरी, पुन्हा घेतो’ असं म्हणत मागे गेलात की समोरच्याची लय जाते. शब्द चुकला तर पुढे चला. पूर्ण ओळ सुटली असेल तर रंगसूचना वाचणारा हळूच सांगेल. दुसऱ्याची चूक सुधारायची जबाबदारी फक्त त्याचीच. बाकी सगळ्यांनी गप्प राहायचं.

५) आपला प्रवेश नसेल तेव्हाही पान उलटत राहा. फोन पाहणारा माणूस आपल्या प्रवेशाला हमखास उशिरा पोहोचतो. दुसरं म्हणजे, वाचणाऱ्यालाही कोणीतरी ऐकतंय हे जाणवावं लागतं. बेणारेचं शेवटचं लांब स्वगत वाचणाऱ्या बाईंना आमच्यातल्या कोणी कधी पान सळसळवून त्रास दिलेला नाही. ते पान आम्ही त्यांच्याबरोबरच एकदम उलटतो.

तपासा: पहिला प्रवेश झाला की शेजारच्याला एवढंच विचारा: ‘ऐकू येतंय का?’ ‘कसं झालं?’ हे विचारू नका, त्याला अजून वेळ आहे.

## ७. पदं आली की

गटात गाणारं कोणी असेल तर त्याने म्हणावं, साथीला तंबोऱ्याचं अ‍ॅप पुरतं. गाणारं कोणी नसेल तर पद कवितेसारखं, संथ, चरणाला थांबून वाचा. गाळू मात्र नका. ‘शारदा’तलं ‘मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली’ गाळलं तर शारदेच्या मनात काय चाललंय तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. आम्ही जुनी ध्वनिमुद्रिका लावून पाहिली होती. वाचन तुटलं आणि सगळे त्या आवाजातच रमले. आता ध्वनिमुद्रिका चहाच्या वेळी लावतो.

## ८. ऑनलाइन बैठक असेल तर

पुण्यातली मंडळी सकाळी आणि अमेरिकेतली आदल्या रात्री, अशा बैठका आता बऱ्याच होतात. नियम तेच, दोनच गोष्टी जास्त. प्रवेशात असलेल्यांनी माइक सुरूच ठेवायचा, दर वाक्याला चालू-बंद करायचा नाही. आणि पडद्यावर स्वतःच्या नावाऐवजी पात्राचं नाव लिहायचं, म्हणजे कोण बोलतंय ते सगळ्यांना दिसतं. आवाज थोडा उशिरा पोहोचतोच, म्हणून एकमेकांवर आदळणारी वाक्यं थोडी सुटी घ्या. तळीरामाच्या मंडळींचा गोंधळ ऑनलाइन कधीच नीट जमत नाही. अशा बैठकीसाठी कमी पात्रांचं नाटक निवडा.

## ९. वाचन संपल्यावर

लगेच उठून जाऊ नका. शेवटचं वाक्य झालं की अर्धा मिनिट कोणी बोलत नाही, तो वेळ तसाच राहू द्या. मग बोलणं सुरू होतं, ते नाटकाबद्दल असू द्या, एकमेकांच्या वाचनाबद्दल नको. ‘एकच प्याला’त सुधाकर पहिला प्याला का घेतो? त्याचा मित्र रामलाल त्याला अडवायला कुठे कमी पडतो? यावर आमच्याकडे एकदा वाचनाइतकाच वेळ गेला होता. तुमच्या उच्चाराबद्दल कोणी बाजूला घेऊन काही सांगितलं तर लिहून घ्या, वाद घालू नका.

पहिली बैठक बिघडली तरी दुसरीला जा. क्यू, पट्टी, नजर या सगळ्याची घडी दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच बसते. गट सोडून गेलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या दिवसानंतर परत आले नाहीत, आणि त्यांच्यात चांगले आवाज होते याचं मला आजही वाईट वाटतं.

निघताना पुढच्या नाटकाचं नाव आणि आवृत्ती लिहून घ्या. प्रत गटाची असेल तर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच राहू द्या, पुढच्या वाचणाऱ्याला श्वासाच्या जागा तयार मिळतील. प्रत वाचनालयाची असेल तर मऊ खोडरबराने सगळ्या पुसा आणि मगच परत करा.